हातासरशी

“लगेहात हेही करून टाकू,” मिस्त्री म्हणाला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “साथ में ही हो जाएगा, मॅडम.” आणि ज्या एरवी दुधाची पिशवीसुद्धा धुऊन, वाळवून, घडी करून ठेवतात त्या आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याही एका दुपारी म्हणून गेल्या, “काढलंच आहे तर हातासरशी माळाही आवरून घ्या.” तीन तोंडांनी बोललेला हा एकच शब्द गेल्या वर्षी एप्रिल ते ऑगस्ट आमच्या घरी मुक्कामाला होता. त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च माझ्या वहीत आहे.

वही खरीच आहे. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. मी एका पतसंस्थेत हिशोब तपासते. दुसऱ्यांच्या खात्यातला सव्वा रुपयाचा फरक शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे घराच्या कामाचं बजेट सांभाळण्यात काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. संस्थेत हिशोब माझ्याकडे येतो तो खर्च होऊन गेल्यावर. इथे तो होण्याआधी अडवायचा होता, आणि अडवायचा कोणाला, तर ज्यांच्याबरोबर रात्री जेवायला बसायचं त्यांना.

घर नागपुरातल्या मेडिकल चौकाच्या मागच्या बाजूला, तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर. सासऱ्यांनी १९८३ साली बांधलेलं. समोर व्हरांडा, मागे सांदवाडी (घर आणि कुंपणाच्या भिंतीमधली चिंचोळी मोकळी जागा), वर गच्ची. स्वयंपाकघर नवं करायचं, दोन्ही न्हाण्या नव्या, वायरिंग, गच्चीची गळती, हॉल आणि दोन खोल्यांची फर्शी, आतले चार दरवाजे, रंग. आकडा ठरला ८ लाख.

म्हणजे मी ठरवला ८ लाख. घरात सगळ्यांना ठाऊक होते ७ लाख २० हजार. वरचे ८० हजार एका जुन्या ठेवीत होते आणि त्याबद्दल मी नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते. अडीअडचणीला दहा टक्के बाजूला ठेवा, असं सगळेच सांगतात. ते बाजूला ठेवल्याचं घरात कळलं की बाजूला राहत नाहीत, हे सांगायला मात्र विसरतात. शिल्लक आहे म्हटलं की कोणाला शेगडीवरची चिमणी दिसायला लागते, कोणाला फॉल्स सीलिंग, कोणाला आरशामागचा दिवा. आमच्या लेकीला दिवा दिसत होता.

तीन ठिकाणांहून अंदाज मागवले. तिन्हींत लाख-दीड लाखाचा फरक बघून आधी वाटलं, एक जण प्रामाणिक आणि दोघे लबाड. मग तिन्ही कागद शेजारी ठेवून ओळीनं वाचले. पहिल्यात मलबा उचलायचे पैसे धरले नव्हते, दुसऱ्यात प्लंबर नव्हता, आणि तिसरा, सगळ्यात स्वस्त, नुसत्या मजुरीचा होता. सिमेंट, रेती, गिट्टी आमची. शेवटी मीच एका कागदावर काम लिहिलं, फूट न् इंचासकट, आणि त्याच कागदावर तिघांकडून भाव भरून घेतले. तेव्हा फरक उरला बावीस हजारांचा. अख्ख्या कामात मला स्वतःचा अभिमान वाटला तो बहुधा त्या एका संध्याकाळी.

त्यानंतर कूलरची भिंत फुटली.

नागपूरच्या घराला एक खिडकी कूलरची असते. मार्चअखेर तिच्यात तो लोखंडी डबा बसतो, नव्या ताट्या लागतात, पंप गुरगुरायला लागतो आणि जून उजाडेपर्यंत घरातली माणसं त्या खिडकीच्या तोंडाशी झोपतात. आमचा कूलर स्वयंपाकघराच्या भिंतीत. त्याची एक नळी थोडी गळायची. थोडीच. पावसाळा लागला की आम्ही विसरायचो आणि पुढच्या उन्हाळ्यात एक वाटी खाली ठेवायचो. चाळीस उन्हाळे ते पाणी खिडकीच्या खालच्या भिंतीत जिरत होतं. वर ऑइलपेंट चढवलेला, त्यामुळे बाहेरून काही कळायचं नाही. मिस्त्रीनं छिन्नी लावली तशी प्लास्टरची अख्खी खपली सुटून पायाशी आली. त्यामागच्या विटेत त्यानं बोट घातलं, तर ते पेरभर आत गेलं. त्यानं चिमूटभर लाल माती काढून माझ्या तळहातावर ठेवली.

“पाहा ताई. वरून गोरीगोमटी, आतून भुसा. आता का करता मंग?”

त्याच भिंतीतून स्वयंपाकघराचा पाण्याचा पाइप गेलेला. जुना, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा. कापून बघितला तर आत गंजाचे थर चढून चढून अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. गेली दहा वर्षं आम्ही ‘नळाला धार नाही’ म्हणून नळ बदलत होतो! तीन नळ बदलले. तो खर्च या वहीत नाही, पण मनात लिहून ठेवला आहे.

भिंत खिडकीपर्यंत उतरवून नव्यानं बांधली, घरभरचा पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचा केला. ती भिंत पडली नाही, आम्हांला मात्र ४१ हजारांना पडली. काम सुरू होऊन नऊच दिवस झाले होते आणि लपवलेल्या ८० हजारांतले निम्मे गेले होते. नवऱ्यानं विचारलं, “पैसे कुठून आणले?” मी म्हटलं, “रंगातून कमी करू.” खोटं बोलले.

दुसरा धक्का रस्त्यानं दिला. घर बांधलं तेव्हा जोतं रस्त्यापासून दोन फूट उंच होतं; आईंना अजून त्या तीन पायऱ्या आठवतात. मग डांबरावर डांबर चढत गेलं, शेवटी सिमेंटचा रस्ता झाला, आणि आता फाटकातून आत येताना आपण खाली उतरतो. २०२३च्या २३ सप्टेंबरला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला, तेव्हा आमच्याकडे पाणी शिरलं नाही. पण मागच्या न्हाणीच्या जाळीतून ते बुडबुडे काढत वर डोकावून गेलं होतं. प्लंबरनं लेव्हलची नळी लावून दाखवलं तेव्हा त्याचा अर्थ कळला: न्हाणीच्या तळापासून बाहेरच्या चेंबरपर्यंत उतार असा उरलाच नव्हता. टाइल्स कितीही भारी लावा, पाणी जाणार कुठे? दोन्ही न्हाण्या सहा इंच उचलल्या. नवी लाइन, नवा चेंबर, दाराशी एक पायरी. साडेसत्तावीस हजार. यात दाखवायला काही नाही. पाहुण्यांना काय सांगणार, या, आमचा उतार बघा?

फर्शीच्या बाबतीत मात्र चूक माझी एकटीची. स्वयंपाकघर बारा बाय सोळा. फर्शी दोन बाय दोनची. सहा आठे अठ्ठेचाळीस, एका बॉक्समध्ये चार, म्हणजे बारा बॉक्स, आणि फुटतुटीला एक. इतका सरळ हिशोब की मी पुन्हा तपासला नाही. दुकानातही बॉक्स सोळा फुटांचाच म्हणतात. पण ज्याला आपण दोन फूट म्हणतो ती फर्शी असते ६०० मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम तेवीस इंच आणि सहा दशांश. चार फर्श्यांचे होतात साडेपंधरा फूट. कागदावर हा फरक दिसत नाही, भिंतीशी दिसतो. कारागिरानं दोरी धरून फर्श्या मांडत नेल्या. लांबीला आठवी बसली आणि भिंतीपर्यंत बरोबर तीन इंचांची पट्टी उघडी राहिली. रुंदीला सव्वादोन इंच. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्या पट्टीकडे. त्या पट्ट्या भरायला दोन फर्श्या कापल्या, तीन वाहतुकीत तडकून आल्या होत्या. आणि स्कर्टिंग? भिंतीच्या पायथ्याशी चार इंचांची जी पट्टी लागते ती माझ्या गणितात कुठेच नव्हती. पाच फर्श्या तिनं खाल्ल्या.

सहा कमी पडल्या. दोन बॉक्स आणायला गेले तर तेच नाव, तोच नंबर, पण बॅच वेगळी. दुकानदार म्हणाला, “उन्नीस-बीस का फरक है.” घरी उन्हात शेजारी ठेवल्या तर एक दुधासारखी पांढरी आणि दुसरी सायीसारखी. माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो, भट्टीतला प्रत्येक घाणा निराळा निघतो, म्हणून बॉक्सवरचा बॅच नंबर बघून लागेल तेवढं एकदमच घ्यायचं, हे मला त्यानंतर तीन जणांनी सांगितलं. सायीच्या सहा आता फ्रिजखाली आणि सिलिंडरच्या कोपऱ्यात आहेत. दोन उरल्या. पैसे गेले ऑटोसकट १,९००. पण पूर्ण कामात मला सगळ्यात जास्त लागलेला आकडा हाच. सव्वा रुपया शोधणारी बाई मी.

काही खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. चहा. सरासरी पाच माणसं, दोन वेळा, दहा रुपये कप, कामाचे दिवस ७४: ७,४०० रुपये. स्वयंपाकघर बंद होतं ३६ दिवस. चौघांचे दोन वेळचे डबे दिवसाला ६०० रुपयांचे, म्हणजे २१,६००. पहिला आठवडा लेकीला सणासारखा वाटला. दुसऱ्या आठवड्यात आईंनी व्हरांड्यात इंडक्शन मांडून भात टाकला आणि सगळे त्याच्याभोवती असे बसले, जणू पंगत. वरण-भाताचा तो वास येताच पलीकडे पुट्टी मारणारा पोरगाही थबकला, त्यालाही वाढलं.

डब्यांचे दिवस वाढायचं कारण धान, म्हणजे भाताचं पीक. आमचा मिस्त्री पवनीकडचा. एप्रिलच्या उत्तरार्धात पारा ४४च्या पुढे होता तेव्हा तो सकाळी साडेसहाला हजर असायचा. जुलैत दोन-चार पाऊस बरे झाले आणि एका शनिवारी हप्ता घेताना तो म्हणाला, “ताई, रोवणी हाय. आठ दिसात येतो.” त्याचे आठ दिवस एकोणीस झाले. रोवणी म्हणजे भाताची लावणी. रागावून उपयोग नव्हता, त्याच्या घरचं वर्षभराचं त्या बांधीत, त्या भातखाचरात होतं. मला आधी कळायला हवं होतं. ज्याला पाणी लागतं ते काम आणि ज्याला माणसं लागतात ते काम रोवणीच्या आत उरकायचं, हे इथल्या जुन्या लोकांना पाठ असतं. पैशाच्या बाबतीत एकच शहाणपण केलं होतं: उचल मागितली तर झालेल्या कामापुरतीच द्यायची आणि ठेक्याचे शेवटचे दहा टक्के हातात ठेवायचे. तो परत आला याचं श्रेय मी या दहा टक्क्यांना देते. आई म्हणतात, तो त्यांच्या हातच्या चहासाठी आला.

पाणी मारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. न्हाणीवर टाकीसाठी एक छोटा स्लॅब टाकला होता. मिस्त्रीच्या मते सात दिवस पाणी पुरे. काँक्रीटचं जे भारतीय मानक आहे, आयएस ४५६, त्यात साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगितले आहेत, पण कोरड्या, तापलेल्या हवेत दहाच्या खाली नाही. मेमधल्या नागपूरहून कोरडी, तापलेली हवा अजून कुठली? आईंना मानक वगैरे सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पोती भिजवून स्लॅबवर अंथरली आणि चौदा दिवस पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाइप धरून उभ्या राहिल्या. या खात्यावर खर्च शून्य.

आणि मग हॉलची फर्शी. इथे मला जरा थांबायचं आहे.

हॉल आणि दोन खोल्यांत जुनी चिप्सची, म्हणजे सिमेंटमध्ये दगडाचे तुकडे बसवलेली फर्शी होती. काळपट, चिकट, कुठे तेलाचे डाग, कुठे सोफ्याच्या पायाचे गोल. ४६० फूट. ती बदलायची हे सगळ्यात आधी ठरलेलं, त्यासाठी ५३ हजार मांडलेले. जुन्या फर्शीवरच नवी बसवली तर मजला दीड-दोन इंच वर येतो, सगळे दरवाजे खालून कापावे लागतात. उखडायची तर मलब्याच्या ट्रॉल्या. मी हिशोब करत बसले होते, तेव्हा आई म्हणाल्या, “राहू दे ना. घासून तर बघा एकदा.”

पॉलिशवाला मशीन घेऊन आला. भुईवर पाणी ओतलं, जाड दगड लावला आणि एका कोपऱ्यात सुरू केलं. राखाडी चिखल उडून भिंतींवर गेला (रंग अजून व्हायचा होता हे नशीब; पॉलिश आधी, शेवटचा हात नंतर, हे कोणीतरी मला आधीच सांगितलं होतं). त्यानं रबरानं तो चिखल मागे ओढला आणि खाली हिरवं दिसलं. पांढऱ्यात विखुरलेले हिरवे, बडीशेपेएवढे, बोराएवढे तुकडे, मधेच एखादा तपकिरी. मी वीस वर्षं त्या घरात सून आहे, मला ती फर्शी हिरवी आहे हे ठाऊक नव्हतं.

आईंना ठाऊक होतं. “दोन दिवस बोलले नव्हते मी ह्यांच्याशी,” त्या म्हणाल्या. सासऱ्यांना साधी करडी फर्शी पसंत पडली नाही. फुटाला दोन रुपये जास्त मोजून ते ही हिरव्या चिप्सची घेऊन आले. आतल्या दरवाजांनाही सी.पी. सागच, म्हणजे मध्य प्रांतातला नावाजलेला सागच हवा म्हणून लकडगंजच्या लाकूडबाजारात चार चकरा मारल्या. बजेट गेलंच. “मग ते कुठून काढले माहीत आहे?” आई कूलरच्या भिंतीकडे बोट करून म्हणाल्या. “तिथून. नळाचा पाइप हलका घेतला. वायर ॲल्युमिनियमची घेतली. म्हणाले, आत कोण बघतं?”

मी त्या रात्री वहीत एक पान वेगळं केलं आणि १९८३चा हिशोब मांडून पाहिला. जिथे सासऱ्यांनी हात सैल सोडला होता तिथे माझे पैसे वाचले. फर्शी घासायला लागले १२,८८०, म्हणजे चाळीस हजार शिल्लक. दरवाजे फ्लशचे, म्हणजे सपाट प्लायवूडचे नवे घालायचे ठरले होते. सुतार जुने ‘असेच, फुकटात’ काढून न्यायला फारच उत्सुक दिसला, तेव्हा मला शंका आली. खरवडून, दोन बिजागऱ्या बदलून, पॉलिश मारून ते चारही १३ हजारांत झाले. तिथेही तीसेक हजार वाचले. आणि जिथे त्यांनी काटकसर केली होती तिथे मी ४१ हजार ओतले. माझ्या नोकरीत मी सासऱ्यांची वही तपासली असती तर हिरव्या फर्शीवर लाल शाईनं ‘अनावश्यक खर्च’ असा शेरा मारला असता आणि पाइपावर बरोबरची खूण केली असती.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन मधल्या खोलीत वायरसाठी भिंतीत झिरी मारू का विचारायला आला. ती खोली कागदावर नव्हती. “साथ में ही हो जाएगा.” जुन्या लाकडी पट्टीवरची वायर चालत तर होती. मी हो म्हटलं. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, एसीच्या जागेला चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर, सगळी तांब्याची. एकोणीस हजार. भिंत बुजली की यातलं काहीच दिसणार नव्हतं. ग्रॅनाइट मात्र मी दोनदा खालच्या दराचं केलं, फॉल्स सीलिंग कापलं, आणि आरशामागच्या दिव्यावरून लेक चार दिवस रुसली. तिच्या सुनेला कधीतरी ही भिंत फोडावी लागेल तेव्हा ती मला काय म्हणेल, कोण जाणे.

ऑगस्टच्या मध्याला काम संपलं. कबाड्यानं जुने पाइप आणि वायर ३,१५० रुपयांना नेली. आठवड्याभरात पोळा आला आणि दुसऱ्या दिवशी मारबतींची, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत काढतात त्या पुतळ्यांची मिरवणूक. लेक मिरवणूक बघून आली ती घरभर ओरडत, “हातासरशी घेऊन जा गे मारबत!” आई इतक्या हसल्या की ठसका लागला. महिन्याभरानं, २२ सप्टेंबरपासून, सिमेंटवरचा जीएसटी २८चा १८ टक्के झाला. आमची ६८ पोती त्याआधीच भिंतीत गेली होती. पोत्यामागे पंचवीस-सत्तावीस रुपये धरले तर थांबलो असतो तर अठराशेच्या आसपास वाचले असते. वहीत ते लिहिलं नाही. लिहायला खातंच नव्हतं.

एकूण खर्च ७,८३,४६०. नवऱ्याच्या मते बजेटच्या त्रेसष्ट हजार वर. माझ्या मते साडेसोळा हजार खाली. शेवटी एका रात्री मी त्याला ठेवीचं सांगून टाकलं. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, लपवल्याचं लागलं असेल. मग म्हणाला, “म्हणजे साडेसोळा शिल्लक आहेत? मग हातासरशी फाटक...”

या मार्चमध्ये कूलर बाहेर काढला. आता तो खिडकीत नाही. भिंतीपासून वीतभर लांब, लोखंडी स्टँडवर सांदवाडीत उभा आहे. नळी यंदाही थोडी गळतेच. आईंनी त्या उरलेल्या दोन सायीच्या फर्श्या नळीखाली मांडल्या, त्यांच्या एका बाजूला विटेचा तुकडा सरकवला आणि पंप सुरू करायला सांगितला. पाणी फर्शीवर पडलं, जरा थांबलं आणि नालीकडे वळलं. आई खुर्ची ओढून तिथे बसल्या आणि बराच वेळ ते बघत राहिल्या.